धर्मशिक्षक निकोलस ब्लॅक एल्क

ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना आणि सुवार्ताप्रसाराचाही. या महिन्यात आपल्या घराघरांतून माळेची प्रार्थना होते आणि मिशन रविवारी आपण दूरच्या मिशन क्षेत्रांसाठी दान देतो. मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या झग्यातले धर्मगुरू किंवा एखादी सिस्टर उभी राहते. आज आम्ही आपणास एका वेगळ्या सुवार्तिकाची ओळख करून देणार आहोत. ते धर्मगुरू नव्हते की व्रतस्थ नव्हते. बायको-मुलांचा संसार सांभाळणारे ते एक प्रापंचिक होते. जन्माने ते अमेरिकेतील लाकोटा आदिवासी, पूर्वायुष्यात आपल्या लोकांचे वैदू आणि उत्तरायुष्यात धर्मशिक्षक. त्यांचे नाव निकोलस ब्लॅक एल्क.

त्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. १८८७ साली लंडनमध्ये काढलेल्या छायाचित्रात ते आदिवासी नृत्याच्या पोशाखात उभे आहेत. पुढच्या काळातील एका छायाचित्रात साध्या कपड्यांतले हेच गृहस्थ हातात जपमाळ घेऊन एका मुलीला प्रार्थना शिकवत आहेत. या दोन चित्रांतला माणूस एकच का, हा प्रश्न त्यांच्या हयातीतही लोकांना पडला होता आणि आजही पडतो. आम्हांला वाटते, त्या प्रश्नातच त्यांच्या जीवनाचा संदेश दडलेला आहे.

लाकोटा भाषेत त्यांचे नाव हेहाका सापा. हेहाका म्हणजे एल्क, आपल्याकडच्या सांबरासारखे मोठ्या शिंगांचे जनावर, आणि सापा म्हणजे काळा. त्यांचा जन्म डिसेंबर १८६३ मध्ये झाला. लाकोटा लोक त्या वेळी उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात रानगव्यांच्या कळपांमागे फिरत आणि कातडी तंबूंत राहत. गवा हेच त्यांचे अन्न, वस्त्र आणि निवारा. त्यांचे वडीलही वैदू होते आणि प्रसिद्ध योद्धा क्रेझी हॉर्स हा त्यांच्या नात्यातला होता.

नऊ वर्षांचे असताना ते अतिशय आजारी पडले. कित्येक दिवस बेशुद्धीत असताना त्यांना एक दर्शन घडले. चार दिशांचे चार रंगांचे घोडे, आकाशातील सहा आजोबा, आपल्या लोकांचे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी बहरलेले एक झाड त्यांनी पाहिले. तांबडी वाट आणि काळी वाट असे दोन रस्तेही त्यांना दिसले. आपल्या लोकांना जगवण्याचे काम आपल्यावर सोपवले आहे असे त्या बालमनाला वाटले. बरीच वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नाही, पण त्याचे ओझे मात्र जन्मभर वाहिले.

त्यानंतरचा काळ त्यांच्या लोकांसाठी फार दुःखाचा होता. १८६८ च्या कराराने ब्लॅक हिल्सचे डोंगर लाकोटांना कायमचे दिले होते. १८७४ मध्ये तेथे सोने सापडले आणि करार कागदावरच राहिला. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नची प्रसिद्ध लढाई झाली, तेव्हा बारा वर्षांचा ब्लॅक एल्क त्या छावणीत होता. लढाई लाकोटांनी जिंकली खरी, पण पुढच्याच वर्षी क्रेझी हॉर्स मारला गेला. ब्लॅक एल्कचे कुटुंब कॅनडात सिटिंग बुलच्या आश्रयाला गेले आणि १८८० मध्ये उपाशीपोटी परत आले. गव्यांचे कळप नाहीसे झाले होते. मोकळ्या माळावर फिरणारे लोक आता सरकारच्या शिध्यावर राखीव प्रदेशात दिवस काढू लागले. ब्लॅक एल्कचे लोक पाइन रिज या राखीव प्रदेशात स्थिरावले. १८८३ च्या सरकारी नियमांनी त्यांचे सूर्यनृत्य आणि वैदूंचे विधी हेही गुन्हे ठरवले.

तरुण ब्लॅक एल्क लपूनछपून रोग्यांवर उपचार करीत होते. १८८६ मध्ये ते बफेलो बिलच्या खेळात सामील झाले. गोऱ्या लोकांच्या सामर्थ्याचे रहस्य काय, ते जाणून घेण्याची त्यांना इच्छा होती. १८८७ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर नृत्य केले. पुढे मँचेस्टर शहरात चुकामूक होऊन ते मागे राहिले, दुसऱ्या एका खेळाबरोबर युरोपात फिरले आणि १८८९ मध्ये घरी परतले. त्या प्रवासात त्यांनी ख्रिस्ती लोकांची मोठमोठी शहरे पाहिली आणि त्यांच्यातली गरिबीही पाहिली.

घरी आल्यावर जे घडले ते आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालून ऐकावे असे आहे. नाताळ होऊन चार दिवस झाले होते. आपल्या उपासनेत निष्पाप बालकांचा सण २८ डिसेंबरला येतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ डिसेंबर १८९० रोजी, वुंडेड नी या ओढ्याकाठी अमेरिकन सैन्याने शरण आलेल्या लाकोटांवर गोळीबार केला. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. काहींच्या मते तीनशे. त्यांत बायका आणि तान्ही मुले पुष्कळ होती. जखमींना जवळच्या एका प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आणले, तेव्हा तेथे नाताळची सजावट अजून तशीच होती. ब्लॅक एल्क घोड्यावरून त्या ठिकाणी धावले. दुसऱ्या दिवशी मिशनजवळ झालेल्या चकमकीत ते स्वतःही जखमी झाले.

ते मिशन म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंचे पवित्र जपमाळ मिशन. लाकोटांचे वयोवृद्ध पुढारी रेड क्लाउड यांनी आपल्या मुलांच्या शाळेसाठी कॅथलिक धर्मगुरूंची मागणी केली होती. त्यांच्या झग्यावरून लाकोटा त्यांना शिना सापा, म्हणजे काळे झगेवाले, म्हणत. पुढे संतपदी पोहोचलेल्या सिस्टर कॅथरिन ड्रेक्सेल यांच्या देणगीतून १८८८ मध्ये हे मिशन उभे राहिले. ज्या मिशनच्या परिसरात ब्लॅक एल्क यांना गोळी लागली, तेथेच चौदा वर्षांनी त्यांचा स्नानसंस्कार व्हायचा होता.

१८९२ मध्ये त्यांनी केटी वॉर बॉनेट हिच्याशी लग्न केले. त्यांच्या मुलांचा कॅथलिक स्नानसंस्कार झाला, पण ब्लॅक एल्क स्वतः वैदूच राहिले. त्या घरावर मृत्यूची छाया वारंवार पडली. लहान मूल गेले आणि १९०३ मध्ये केटीही वारली.

त्यानंतरची हकीकत त्यांची मुलगी लूसी हिने पुढे सांगून ठेवली आहे. १९०४ मध्ये एका आजारी मुलावर उपचार करण्यासाठी ब्लॅक एल्क यांना बोलावले होते. तंबूत ढोल आणि खुळखुळा घेऊन त्यांचा विधी चालू असताना येशूसंघीय फादर जोसेफ लिंडेबनर तेथे आले. मुलाचा स्नानसंस्कार त्यांनी आधीच केला होता. फादरांनी विधीचे सामान उचलून आगीत टाकले, ब्लॅक एल्क यांची मानगूट धरली आणि त्यांना सैतान म्हणून बाहेर काढले. मुलाला अंतिम संस्कार देऊन ते बाहेर आले, तेव्हा ब्लॅक एल्क खिन्न होऊन बसले होते. फादरांनी त्यांना आपल्या गाडीत बसवून मिशनमध्ये नेले. तेथे त्यांना कपडे दिले, जेवू घातले आणि सुमारे दोन आठवडे धर्मशिक्षण दिले. ६ डिसेंबर १९०४ रोजी, संत निकोलसच्या सणादिवशी, त्यांचा स्नानसंस्कार झाला. म्हणून त्यांचे नाव निकोलस. तेव्हा ते चाळिशीत होते.

ही हकीकत सांगताना आम्ही ती गोड करून सांगत नाही. आज कोणी धर्मगुरू असे वागला तर आपल्याला ते मुळीच रुचणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला शिकवले आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. श्रद्धा कोणावर लादायची नसते, हेही त्याच परिषदेने ठासून सांगितले. मग ज्याला मानगूट धरून बाहेर काढले, तो माणूस त्याच फादरांबरोबर का गेला? काही अभ्यासक म्हणतात, तो काळच तसा होता, त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता. असेल. पण नाइलाजाने घेतलेली श्रद्धा माणूस शेचाळीस वर्षे घरोघर फिरून दुसऱ्याला देत नाही. त्यांचा मनोमन झालेला पालट आपल्याला त्या एका दिवसात दिसत नाही. तो दिसतो त्यांच्या पुढच्या हजारो साध्या दिवसांत.

पाइन रिज फार मोठा प्रदेश आहे आणि धर्मगुरू मोजकेच होते. घोडागाडीने एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाता जाता आठवडे उलटत. पुष्कळ ठिकाणी महिन्यातून एखादाच मिस्सा होई. मग उरलेल्या रविवारी काय? त्या रविवारी श्रद्धा जिवंत ठेवली ती निकोलस यांच्यासारख्या धर्मशिक्षकांनी. पुरुषांसाठी संत जोसेफ संघ आणि स्त्रियांसाठी पवित्र मरिया संघ स्थापन झाले होते. रविवारी लोक लहानशा प्रार्थनागृहात जमत. निकोलस प्रार्थना सुरू करीत, पत्र आणि शुभवर्तमान वाचीत, लाकोटा भाषेत त्याचा अर्थ सांगत. मग गीते आणि माळेची प्रार्थना. धर्मगुरू आले की ते त्यांचे दुभाषी बनत. इतर दिवशी आजाऱ्यांना भेटणे, मरणाऱ्याजवळ बसणे, गरज पडली तर स्वतः बाप्तिस्मा देणे, फादर पोहोचू शकले नाहीत तर मृताला मूठमाती देणे, हे त्यांचे काम. मानधन अगदी तुटपुंजे होते. पुढे त्यांची दृष्टी अधू झाली, तरी शास्त्रातले कितीतरी उतारे त्यांना मुखोद्गत होते.

या प्रार्थनांमध्ये लाकोटांना परके वाटावे असे फार काही नव्हते. देवाला ते वाकान तांका म्हणत. तोच शब्द येशूसंघीयांनी प्रार्थनेत घेतला. ख्रिस्ताला वानिकिया म्हणत, म्हणजे जीवन देणारा. दरवर्षी उन्हाळ्यात सर्व वस्त्यांवरचे कॅथलिक लाकोटा आणि त्यांचे भाऊबंद मोठ्या मेळाव्यासाठी एकत्र येत. १८९१ पासून ही प्रथा सुरू होती. माळावर वर्तुळात तंबू उभारले जात, जसे पूर्वी सूर्यनृत्याच्या वेळी उभारत. फरक एवढाच की आता मिस्सा होई, मिरवणूक निघे आणि धर्मशिक्षक उभे राहून उपदेश करीत. त्या उपदेशकांत निकोलस नावाजलेले होते. लाकोटा भाषेतील कॅथलिक नियतकालिकात ते आपल्या लोकांना पत्रेही लिहीत.

शिकवण्यासाठी ते एक चित्रपट वापरीत. फादर अल्बेर लाकोम्ब या मिशनऱ्यांनी आदिवासींसाठी तयार केलेली ती लांब रंगीत पट्टी होती. खाली सृष्टीची उत्पत्ती, वर स्वर्ग, आणि मधून जाणारे दोन रस्ते, एक चांगला, एक वाईट. आपण आठवून पाहा, नऊ वर्षांच्या मुलाने आजारपणात दोन वाटाच पाहिल्या होत्या. मिशनरींच्या चित्रात त्यांना बालपणीची ओळख पटली असेल, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. आम्हांलाही ते पटते.

मिशनरींनी त्यांना दुसऱ्या जमातींकडेही पाठवले. १९०८ मध्ये ते वायोमिंगमधील अरापाहो लोकांकडे गेले. पूर्वी जे आपल्या माणसांसाठी ढोल घेऊन निघत, ते आता माळ आणि चित्रपट घेऊन निघाले. सुमारे चारशे लोक त्यांच्यामुळे श्रद्धेत आले, अशी नोंद त्या काळच्या मिशनऱ्यांनी केली आहे. पुष्कळ मुलांचे आणि मोठ्यांचेही ते धर्मबाप झाले. त्यांनी अ‍ॅना ब्रिंग्ज व्हाइट या विधवेशी विवाह केला आणि तिच्या मुलींनाही आपले मानले. मॅंडरसन गावी संत अ‍ॅग्नेसच्या चॅपलजवळ त्यांचे घर होते. क्षयरोगाने तेथील घराघरांत माणसे नेली. त्यांनाही तो रोग झाला, आणि १९०९ मध्ये त्यांचा मुलगा जॉन गेला. तरी ते थांबले नाहीत.

त्यांच्या जीवनातली दुसरी मोठी कसोटी उतारवयात आली. १९३० मध्ये जॉन नायहार्ट नावाचे कवी त्यांच्याकडे आले. १९३१ च्या मे महिन्यात निकोलस यांनी आपले बालपण, दर्शन आणि लढाया त्यांना सांगितल्या. मुलगा बेन दुभाषी होता. १९३२ मध्ये पुस्तक निघाले. ते वुंडेड नीच्या हत्याकांडापाशी संपते. त्यात वाचकाला एक पराभूत वृद्ध भेटतो, ज्याचे स्वप्न बर्फात मरून पडले. त्यानंतरची चाळीस वर्षे, जपमाळ, रविवारची प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, यांतले काहीच त्यात नाही. पुढे ते पुस्तक जगभर गाजले आणि लाखो वाचकांना हा माणूस कॅथलिक होता हे कळलेच नाही.

मिशनमधले फादर नाराज झाले. आपला आदर्श धर्मशिक्षक जुन्या धर्माकडे परतला की काय, अशी शंका त्यांना आली. जानेवारी १९३४ मध्ये निकोलस यांनी लेखी निवेदन देऊन आपली कॅथलिक श्रद्धा जाहीर केली आणि पुस्तकात आपले ख्रिस्ती जीवन आले नाही याबद्दल खंत व्यक्त केली. दोन्ही बाजूंना अर्धाच माणूस हवा होता. कवीला जपमाळेशिवायचा वैदू हवा होता, आणि काही मिशनऱ्यांना आठवणी नसलेला ख्रिस्ती.

निकोलस यांनी मात्र स्वतःचे दोन तुकडे केले नाहीत. १९३५ पासून उन्हाळ्यात ते ब्लॅक हिल्समध्ये पर्यटकांसमोर आपल्या लोकांचे जुने विधी दाखवीत, आणि रविवारी मिस्साला जात. १९४७-४८ च्या हिवाळ्यात जोसेफ ब्राउन या तरुण अभ्यासकाला त्यांनी पवित्र चिलमीचे आणि लाकोटांच्या सात विधींचे ज्ञान दिले. आपल्या लोकांचे विधी सात आणि ख्रिस्तसभेचे संस्कारही सात, हे धर्मशिक्षकाच्या लक्षात आले नसेल असे आम्हांला वाटत नाही. त्याच पुस्तकाच्या प्रारंभी त्यांनी येशूवरील विश्वासही नोंदवला आहे. ज्या परमेश्वराने ख्रिस्ताला पाठवले, त्याने आपल्या पूर्वजांनाही अगदी एकटे सोडले नव्हते, अशी त्यांची धारणा दिसते. हा विचार त्या काळात त्यांच्या भोवतालच्या फार थोड्या लोकांना समजला.

१९ ऑगस्ट १९५० रोजी मॅंडरसन येथे त्यांना देवाज्ञा झाली. आपण जाऊ तेव्हा देव काहीतरी खूण दाखवील, असे त्यांनी घरच्यांना सांगून ठेवले होते. त्यांच्या जागरणाच्या रात्री आकाशात अपूर्व प्रकाश पसरला होता, असे तेथे असलेल्या येशूसंघीय बंधूंनी आणि गावकऱ्यांनी नंतर सांगितले. संत अ‍ॅग्नेसच्या दफनभूमीत त्यांना मातीआड केले.

२०१२ मध्ये मोहॉक आदिवासी कन्या कातेरी तेकाक्विथा हिला संतपद मिळाले. तेव्हा लाकोटांच्या मनात आले, मग आपले आजोबा का नाहीत? निकोलस यांच्या नातवाने पुढाकार घेऊन बिशपांकडे विनंती केली. २१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाइन रिज येथील पवित्र जपमाळ चर्चमध्ये रॅपिड सिटीचे बिशप रॉबर्ट ग्रुस यांनी त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेचा प्रारंभ केला. तेव्हापासून ते देवाचे सेवक म्हणून ओळखले जातात. त्याआधी २०१६ मध्ये ब्लॅक हिल्सच्या सर्वोच्च शिखराला त्यांचे नाव देण्यात आले. बालपणीच्या दर्शनात ते त्याच शिखरावर उभे होते. लाकोटांना छळणाऱ्या सेनापतीचे नाव त्या शिखराला होते, ते गेले आणि धर्मशिक्षकाचे नाव आले.

ख्रिस्तसभेलाही या वाटेवर शिकावे लागले. आदिवासी मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा विसरायला लावणाऱ्या निवासी शाळांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये कॅनडात जाऊन क्षमा मागितली. अमेरिकेच्या बिशपांनीही २०२४ मध्ये आपल्या चुकांची जाहीर कबुली दिली.

प्रिय धर्मग्रामस्थहो, हे जीवन आपण कशासाठी आठवायचे? आपल्याही पूर्वजांनी श्रद्धा स्वीकारली तेव्हा काय सोडावे आणि काय राखावे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असेलच. आपली बोली, लग्नातली गाणी, सुगीचा पहिला घास देवाला देण्याची रीत, यांतले जे देवाकडे नेणारे होते ते त्यांनी राखले. ते आपण सांभाळतो आहोत का?

आणि दुसरी गोष्ट. आपल्याकडे फादर दाराशी आहेत, मिस्सा रोज आहे. पण शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याजवळ बसून माळेचे एक दशक म्हणायला फादरच यायला हवेत असे नाही. निकोलस अधू डोळ्यांनी, आजारी छातीने ते करीत राहिले. या आठवड्यात आपल्या वस्तीतील एका तरी आजाऱ्याच्या घरी माळ घेऊन जाऊ या, आणि शेवटची नमो मरिया देवाचे सेवक निकोलस यांच्या संतपदासाठी आणि लाकोटा बंधुभगिनींसाठी अर्पण करू या.